सामानाच्या गाडीतला लसूण

"हात लावू नका! त्या बत्तीला कुणीही हात लावायचा नाही! नुसतं लांबून बघायचं!"

भूपालकाका एवढ्या जोरात ओरडले की गाडीला जुंपलेला पांढरा बैलसुद्धा दचकून मागं सरकला. आणि गंमत म्हणजे ब्राह्मी बत्तीला हात लावतच नव्हती! ती फक्त नाक लावत होती. नऊ वर्षांच्या ब्राह्मीला कुठलीही नवी वस्तू दिसली की आधी तिचा वास घ्यायची खोड होती. पाटी, पुस्तक, छत्री, पाहुणे, सगळ्यांचा!

"काका, हिला कसलाच वास येत नाही," ती तोंड वाकडं करून म्हणाली.

"अगं, नवीकोरी आहे ती! अजून एकदासुद्धा पेटवलेली नाही. तिचा मुहूर्त आज संध्याकाळी, स्तवनिधीच्या मांडवात!"

१९३६ सालातली ती दिवाळीची सुट्टी. सदलग्यात अजून पुरतं उजाडलं नव्हतं आणि दारात दोन बैलगाड्या तयार होत्या. निपाणीच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या स्तवनिधीच्या देवळात आज प्रवचन होतं. प्रेमला, पार्श्वनाथ आणि ब्राह्मी या तिघा भावंडांचे आई-आप्पा तयारीसाठी आधीच तिकडं गेले होते. मागून मुलांना घेऊन येण्याचं काम अक्काताई आत्याकडं, आणि सगळ्यांना हुकूम सोडण्याचं काम भूपालकाकांकडं. काकांना ते कुणी दिलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच घेतलं होतं.

काका आप्पांचे धाकटे भाऊ. तंबाखूचे व्यापारी. बेळगावला चार महिने काय राहून आले, तेव्हापासून "आमच्या बेळगावात" असं म्हटल्याशिवाय त्यांना शिंकसुद्धा यायची नाही! ही गॅसबत्ती त्यांनी बेळगावातूनच आणली होती.

"ऐका," काका बत्ती उंच धरून म्हणाले. "या खालच्या भांड्यात कार्बाईडचे खडे घालायचे. वरच्या भांड्यात पाणी. थेंब थेंब पाणी खड्यांवर पडलं की गॅस तयार होतो, तो इथून वर येतो, काडी लावली की भक्क! दिवसासारखा उजेड! ना वात, ना घासलेट!"

"आणि खडे कुठं आहेत?" तेरा वर्षांच्या पार्श्वनाथनं विचारलं.

काकांनी काखेतला लोखंडी डबा थोपटला. छान घट्ट, फिरकीच्या झाकणाचा डबा होता तो. "दुकानदारानं या डब्यातनं दिले. म्हणाला, याच्या आत वारा शिरायचा नाही की ओल शिरायची नाही. हा डबा माझ्या मांडीवरनं हलणार नाही!"

तेवढ्यात फाटकातून रुक्मा पळत आली. हातात फडक्याचं गाठोडं, वेणीला नवी रिबीन, आणि तोंडभर हसू! रुक्मा प्रेमलाच्या वर्गातली, शेजारच्या मळ्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. शाळेच्या शर्यतीत तिला हरवणारं पोर अख्ख्या सदलग्यात नव्हतं. प्रेमलानं आठ दिवस आत्याच्या मागं भुणभुण लावून तिला बरोबर न्यायची परवानगी मिळवली होती.

आत्यानं गाठोड्याकडं बोट दाखवलं. "काय आहे गं यात?"

"भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आत्या. आईनं बिनलसणाची केलीया. पाटा सुदिक धुऊन घेतला!"

"बरं झालं. आम्हा जैनांत कांदा-लसूण चालत नाही, ठाऊक आहे ना? गाडीत देवाचं सामान आहे. वास जरी आला तरी मी खपवून घेणार नाही हं!"

"न्हाय येणार, आत्या!" रुक्मा म्हणाली.

पहिल्या गाडीत आत्या आणि काका बसले. ती गाडी हाकायला गाडीवान मष्णूमामा होते. मागची सामानाची गाडी पार्श्वनाथ स्वतः हाकणार होता, त्यामुळं त्याची मान अशी ताठ झाली होती की प्रेमलाला हसू आवरेना. सामानाच्या गाडीवर तट्ट्याचं छप्पर होतं आणि धूळ जाऊ नये म्हणून पुढून-मागून जाड पडदे बांधले होते. आत पूजेचं साहित्य, अंथरुणं, रुक्माचं गाठोडं आणि आत्यानं गाळून भरलेला पाण्याचा हंडा. आत्या वाटेतलं पाणी पीत नसे. हंड्याच्या तोंडाला गाळण्याचं फडकं बांधून घरचं पाणी बरोबर घ्यायचं, हा तिचा नेम. मुलं पडद्याच्या बाहेर, पुढच्या बाजूला दाटीवाटीनं बसली.

"हर्रर्र, चल रं राजा!" पार्श्वनाथनं आवाज दिला आणि गाड्या निघाल्या.

भोज गाव मागं पडलं. वेदगंगेच्या उतारावर गुडघाभर पाणी होतं. मष्णूमामांची गाडी सुळकन पार झाली. पार्श्वनाथची मात्र एका दगडावर चढली, आपटली, डावीकडं कलली, उजवीकडं कलली! आतून हंड्याचं डचमळणं ऐकू आलं आणि तिन्ही मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या.

"हाकतोस का नांगरतोस रं?" रुक्मानं विचारलं.

"दगडच मध्ये आला!"

"दगड कसा येईल? तूच त्येच्याकडं गेलास!"

नदीच्या पुढं थोडं अंतर गेलं असेल नसेल, ब्राह्मीनं नाक वर केलं. एकदा हुंगलं. दोनदा हुंगलं. मग हळूच म्हणाली, "प्रेमलाक्का, कुठंतरी लसूण आहे."

"काहीतरीच!" प्रेमला म्हणाली. पण तिलाही वास आला. पार्श्वनाथला आला. रुक्माला तर तो लगेच ओळखू आला, कारण तिच्या घरी रोजच लसूण असतो. आणि वास येत होता मागच्या पडद्याच्या आतून!

दुपारच्या विसाव्याला वडाखाली गाड्या सोडल्या. पाणी घ्यायला म्हणून आत्या सामानाच्या गाडीकडं आली, पडदा बाजूला केला आणि विंचू चावल्यागत मागं सरली.

"अय्यो! लसूण! माझ्या गाडीत लसूण!"

मष्णूमामा बैलांना वैरण टाकत होते. त्यांनीही वास घेतला आणि खुशीत येऊन म्हणाले, "व्हय की! मला आपली लईच भूक लागली बगा!"

पण आत्याचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. ती रुक्माकडं बघत होती. "गाठोडं सोड."

रुक्मानं गाठोडं सोडलं. भाकऱ्या, चटणी, गुळाचा खडा. आत्यानं चटणी दुरूनच पाहिली. नाकाला पदर लावलेला, त्यामुळं वास घ्यायचा प्रश्नच नव्हता.

"यात लसूण नाही म्हणतेस?"

"आईशप्पत न्हाय, आत्या!"

"मग गाडीत काय लसणाचं शेत उगवलं? साकु! पुरे झालं! निपाणीत सर्व्हिस मोटारीचा एक डायव्हर माझ्या ओळखीचा आहे. त्याच्याबरोबर तुला सदलग्याला परत पाठवते. देवाच्या दारात खोटं बोललेलं मला चालायचं नाही."

रुक्माचा चेहरा एकदम उतरला. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं! तिनं गाठोडं गच्च बांधलं, वडाच्या पलीकडं जाऊन बसली आणि म्हणाली, "मोटार कशाला? मी चालत जाते. पर माझी आई खोटं बोलत न्हाय."

आठ दिवस भुणभुण कुणी लावली? प्रेमलानंच! हौसेनं आणलेली मैत्रीण अशी खोटी ठरून परत गेली, तर शाळेत तिच्या शेजारी कुठल्या तोंडानं बसायचं?

"पार्श्वनाथ, ब्राह्मी, इकडं या," ती दबक्या आवाजात म्हणाली. "निपाणी यायच्या आत चोर सापडला पाहिजे."

"चोर कोण?"

"लसूण!"

पहिलं काम प्रेमलानं केलं. रुक्माचं गाठोडं तिनं लांब शेताच्या बांधावर नेऊन ठेवलं. मग ब्राह्मीला आधी तिथं पाठवलं. ब्राह्मीनं गाठोड्यात नाक खुपसलं. "शेंगदाणे! मिरची! भाकरी! लसूण नाही!" मग ती गाडीकडं धावली. "इथं मात्र लसूणच लसूण! मघापेक्षा जास्तच!"

"म्हणजे गाठोडं गेलं, पण वास गेला नाही," पार्श्वनाथ म्हणाला. "झालं की! रुक्मा सुटली!"

"आत्याला हे सांगून बघ," प्रेमला म्हणाली.

पार्श्वनाथनं सांगून बघितलं. आत्या म्हणाली, "वास राहतो मागं. लसणाचा वास कुणाच्या बापाला घालवता येत नाही." आणि तिनं माळ ओढायला घेतली.

ब्राह्मी तोवर दुसऱ्याच कामात होती. तिचं नाक एकदा सुरू झालं की थांबत नसे. ती बैलांना हुंगत, चाकांना हुंगत, मष्णूमामांचं पागोटं हुंगत पहिल्या गाडीपाशी पोचली. तिथं काका लोखंडी डबा मांडीवर घेऊन बसले होते. ब्राह्मीनं डब्याला नाक लावलं.

"काका! तुमच्या डब्यालाही लसणाचा वास येतोय!"

"गप गं! लसूण कुठला? त्यात माझी तंबाखू आहे. निपाणीच्या पेठेत दाखवायला नेतोय, एक नंबर माल! डब्याला कुठं वास लागला असेल तर आधीचा, खड्यांचा असेल..."

तिन्ही मुलं एकदम काकांसमोर उभी राहिली.

"तंबाखू?" पार्श्वनाथ म्हणाला. "या डब्यात खडे होते ना?"

"होते. काढले." काका जरा चुळबुळले. "अरे, तुम्हाला काय कळणार! तंबाखूला ओल लागली की मालाची माती होते. एवढा घट्ट डबा पुन्हा मिळाला असता का? म्हणून डबा स्वच्छ पुसला आणि तंबाखू यात भरली."

"आणि खडे?"

"ते घातले बिस्किटाच्या जुन्या डब्यात. राणीचं चित्र आहे बघा, तो. झाकण जरा सैल आहे, पण खड्यांना काय होतंय? दगडच ते! सामानाच्या गाडीत तळाशी ठेवलाय. हलू नये म्हणून वर हंडा ठेवला. डोकं लागतं त्याला!" काका उठले, आत्या माळेत गुंग आहे ना हे तिरक्या नजरेनं पाहिलं, आणि "जरा पाठ टेकून येतो" म्हणत सामानाच्या गाडीकडं निघाले.

प्रेमला जागच्या जागी उभी होती. तिचे ओठ हलत होते. "खाली खडे. वर पाणी. थेंब थेंब पाणी खड्यांवर पडलं की..."

"हंड्याचं फडकं ओलं झालंय!" पार्श्वनाथ ओरडला. "नदीत गाडी आपटली तेव्हा डचमळला ना हंडा!"

"म्हणजे गाडीतच बत्ती चालू झालीय?" ब्राह्मीनं डोळे मोठे केले. "मग उजेड कुठाय?"

"उजेड काडी लावल्यावर! गॅस कोंडलाय आत, पडदे बांधलेत, आता काडी कोण लावणा..."

तिघांनीही एकाच वेळी मान वळवली.

काका पाठ टेकायला गेलेच नव्हते. आत्यासमोर विडी ओढायची सोय नव्हती, म्हणून ते सामानाच्या गाडीच्या मागं दडले होते. एक पाय चाकावर, मागचा पडदा वर सारून डोकं आत, ओठात विडी, आणि हातात काड्यापेटी!

"काका, थांबा! काडी ओढू नका!"

काकांना वाटलं, पोरं चहाडी करायला निघाली. ते घाईघाईनं आणखी आत शिरले. काडी घासली. ती पेटलीच नाही, जरा सादळली होती ना! त्यांनी दुसरी काढली.

पार्श्वनाथ धावला, प्रेमला धावली, पण अंतर फार होतं. आणि वडाच्या पलीकडून एक रिबीन सुटलेली वेणी वाऱ्यासारखी आली. रुक्माला काय झालंय हे नीट ठाऊक नव्हतं. "काडी ओढू नका" एवढं तिनं ऐकलं आणि काडी कुणाच्या हातात आहे ते पाहिलं. तिनं उडी मारून काड्यापेटी हिसकावली आणि जी भिरकावली, ती थेट पलीकडच्या निवडुंगात! मग काकांच्या ओठातली विडीही उपटली.

"अगं भवाने!" काका तोल जाऊन धपकन खाली बसले.

आरडाओरडा ऐकून आत्या आली. बघते तर भूपाल जमिनीवर, आणि रुक्माच्या हातात विडी!

"आता विडी सुद्धा?" आत्याला भोवळ यायचीच बाकी होती.

"ती काकांची आहे!" तिघंही एका सुरात ओरडले. काकांनी एकदम आकाशाकडं बघायला सुरुवात केली.

"आत्या, नंतर रागव! आधी लांब हो!" प्रेमलानं तिचा हात धरून ओढलं. आत्याला आयुष्यात कुणी असं ओढलं नव्हतं, त्यामुळं ती निमूट मागं सरली. "मष्णूमामा, चिलीम विझवा! बैलं लांब न्या!"

पार्श्वनाथनं गाडीचे दोन्ही पडदे सोडून टाकले. वारा आरपार वाहू लागला. आत वाकून त्यानं ऐकलं. हंड्याच्या खालून आवाज येत होता, फुस्स... फुस्स... फुस्स...

"साप!" मष्णूमामा म्हणाले.

"साप नव्हे, राणी!" पार्श्वनाथ म्हणाला.

"तापलाय का डबा? पाणी ओतू का वर?" ब्राह्मीनं तांब्या उचलला.

"नको!" प्रेमला किंचाळली. "पाण्यानंच तर हे सगळं झालंय!"

हंडा प्रेमला आणि पार्श्वनाथनं उचलून बाजूला काढला. डबा गरम लागत होता, म्हणून हात न लावता कासऱ्याचा फास टाकून मष्णूमामांनी तो ओढला. रुक्मा शेतात वाट दाखवत पुढं पळत होती, "इकडं मोकळं रान हाय, मामा! वाऱ्याच्या खालच्या अंगाला न्या!" मोकळ्या रानात डबा उभा राहिला. झाकणाच्या कडेनं पांढरा फेस येऊन वाळला होता आणि फट बुजत चालली होती. राणी मात्र मजेत हसत होती.

"उगीच काहीतरी!" काका कोट झटकत उठले. "एवढं बेळगावचं कार्बाईड, आणि तुम्ही रानात टाकून देता? मी बघतो!"

"काका, जवळ जाऊ नका!"

पण काकांनी कधी कुणाचं ऐकलं होतं? ते चार पावलं पुढं गेले, वाकले, हात पुढं केला...

फट्ट!

झाकण उडालं! चेंडूसारखं वर गेलं आणि बांधापलीकडं पडलं. डब्यातला पांढरा राडा फवाऱ्यासारखा काकांच्या टोपीवर, कोटावर आणि धोतरावर बसला. डोळे तेवढे वाचले, कारण काकांनी घाबरून ते आधीच मिटले होते. चुना दिलेल्या भिंतीसारखे काका उभे राहिले. आणि त्यांच्या अंगाला कसला वास येत होता म्हणाल? लसणाचा! असा सणसणीत लसणाचा की बैलांनीही माना फिरवल्या.

"आत गॅस दाटला आणि झाकण उडालं," पार्श्वनाथ हळूच म्हणाला. "आणि हे पडद्याच्या आत, काडी पेटलेली असताना झालं असतं तर..."

आत्यानं काकांना ओढ्यावर पाठवलं, भरपूर पाण्यानं अंग धुऊन कपडे बदलायला लावले. उरलेला राडा फुसफुसून शांत झाल्यावर मष्णूमामांनी खड्डा काढून पुरला, म्हणजे कुठलं जनावर त्याला तोंड लावणार नाही.

आत्या मात्र रुक्मासमोर उभी होती. काहीतरी म्हणेल असं सगळ्यांना वाटलं.

"चल, गाडीत बस," ती म्हणाली. बस्स, एवढंच!

रुक्मा बसली. प्रेमलानं तिच्या भाकरीतली अर्धी मागून घेतली, चटणी चाटून खाल्ली, ब्राह्मीनं तिच्या सुटलेल्या वेणीला उलटसुलट रिबीन बांधली. रुक्मा हसली, पण सकाळसारखं नाही. माणसानं खोटं ठरवलं आणि मग नुसतं "गाडीत बस" म्हटलं, की बसता येतं, पण मोकळं हसता येत नाही.

निपाणीच्या पेठेत सायकलवाल्याकडं सायकलच्या दिव्यांना लागणारं कार्बाईड मिळत होतं. काकांनी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "भूपाल, तू बाहेर थांब. पोरं बघतील."

सायकलवाल्यानं तीन डबे पुढं केले. एक मोठा, छान रंगवलेला. पार्श्वनाथनं झाकण हलवलं तर ते डुगडुगलं. "हा नको!" दुसऱ्याच्या बुडाला गंज होता. ब्राह्मीनं नाक लावलं. "लसूण! म्हणजे आतून गळतोय!" तिसरा लहानसा, ठेंगणा, पण झाकण असं घट्ट की फिरवताना रुक्माचे दात-ओठ एक झाले.

"एवढासाच पुरेल?" सायकलवाल्यानं विचारलं.

"एका रात्रीपुरतंच पाहिजे," प्रेमला म्हणाली. "जादा घेऊन सांभाळत कोण बसणार?"

सायकलवाला खूश झाला. "शाब्बास! मोठी माणसं मोठा डबा मागतात आणि मग झाकणाला फडकं कोंबतात! आता हा उभाच ठेवा, आडवा करू नका. पाणी एका गाडीत, हा दुसऱ्या गाडीत."

"आणि पडदे?"

"उघडे!"

तो डबा सामानाच्या गाडीत वाऱ्याच्या जागी, दोरीनं उभा बांधला. हंडा गेला आत्याच्या गाडीत, आणि नव्या धोतरातले भूपालकाका तो सांडू नये म्हणून स्तवनिधीपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसले. तंबाखू पेठेत कुणी घेतली नाही. व्यापाऱ्यानं चिमूटभर नाकाशी नेली आणि विचारलं, "मालक, ही ओढायची का फोडणीला टाकायची?"

दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकली. आप्पांनी मष्णूमामांकडून सगळी हकिकत ऐकली होती. त्यांनी चारही मुलांना जवळ घेतलं. "आज तुम्ही नसता तर माझा भाऊ आणि गाडी, दोन्ही गेली असती. बत्ती तुम्हीच लावायची."

मांडव भरला होता. पार्श्वनाथनं खडे घातले, प्रेमलानं वरच्या भांड्यात पाणी ओतलं, ब्राह्मीनं हुंगून "आला!" म्हटलं आणि रुक्मानं काडी लावली. भक्क! पांढराशुभ्र उजेड पसरला. सगळ्या मांडवातून "वा!" असा आवाज उठला.

पण उजेडाबरोबर थोडा वासही पसरलाच. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी नाकाला पदर लावला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि बत्तीशेजारी उभ्या असलेल्या रुक्माकडं बघत शेजारणीला म्हणाल्या, "लसणाचा वास येतोय गं! ही पोरगी आपल्यातली दिसत नाही."

रुक्मानं ते ऐकलं. तिची मान खाली गेली. ती हळूच मागं सरकू लागली.

तेवढ्यात अक्काताई आत्या उठली. प्रवचनाच्या मांडवात बायका मोठ्यानं बोलत नसत. आत्या तर कधीच नाही. पण आता ती बोलली आणि पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"वास बत्तीचा आहे, बाई! पोरीचा नव्हे! दुपारी मीही तुमच्यासारखीच शहाणी झाले होते. या पोरीवर खोटा आळ घेतला, आणि हिनंच माझ्या भावाचा जीव वाचवला. चुकले मी! चारचौघांत सांगते, चुकले!"

आत्यानं आपल्या शेजारची, अगदी पहिल्या रांगेतली, जागा हातानं साफ केली.

"रुक्मा, इकडं ये. माझ्याजवळ बस."

रुक्मा आली, बसली, आणि आत्याच्या पदरात तोंड खुपसून आता मात्र भोकाड पसरून रडली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि प्रवचन सुरू व्हायला जरा उशीर झाला.